जलाशयाकाठचे द्राक्षमळे आणि कुटुंबाच्या मालकीच्या वायनरी : नाशिकची भेट व वऱ्हाडातील फळबागायतदार

प्रास्ताविक

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी, गाडगेबाबांनी देह ठेवला. दारू, कर्ज आणि देवापुढचा पशुबळी यांविरुद्ध हयातभर कीर्तने करणाऱ्या पुरुषाची स्मृती ज्या गावाशी जोडलेली आहे, तेथे बसून वायनरीच्या भेटीविषयी लिहावे हे काही वाचकांस खटकेल. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर कित्येक दशके दारूबंदी आहे. हे खटकणे रास्त आहे, आणि त्याचा विचार पुढे केला आहे. तथापि प्रस्तुत लेखाचा विषय पेय हा नाही. फळ पिकवणाऱ्या कुटुंबाने त्याच फळावर आपल्याच आवारात प्रक्रिया करावी आणि तयार माल दारात आलेल्या पाहुण्यास स्वतः विकावा, ही व्यवस्था कशी घडते, कशावर टिकते आणि कशाने मोडते, एवढेच येथे समजून घ्यावयाचे आहे. महाराष्ट्रात ही व्यवस्था उघड्या डोळ्यांनी पाहता येते ती नाशिकजवळ, गंगापूर धरणाच्या काठी. बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीने निघालेला प्रवासी दुसऱ्या दिवशी सकाळी तेथील मळ्यात उभा राहू शकतो. संत्र्याच्या प्रदेशातून जाणाऱ्या अभ्यासकाने तेथे काय पाहावे, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

तलावाचे काम कोणते?

जगातील अनेक प्रसिद्ध द्राक्षप्रदेश तलावांच्या काठी आहेत. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा सरोवराच्या उतारावरील लावो येथील पायऱ्यांचे मळे २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात हाताच्या बोटांसारखी लांबट, समांतर सरोवरे आहेत. त्यांना फिंगर लेक्स म्हणतात. त्यांपैकी सेनेका हे सरोवर सुमारे १८८ मीटर खोल आहे. एवढे खोल पाणी उन्हाळाभर उष्णता साठवते आणि हिवाळ्यात ती हळूहळू सोडते, त्यामुळे काठावरचा मळा मागच्या पठारापेक्षा थोडा उबदार राहतो. वसंतात हेच पाणी थंड असल्याने वेलीचे डोळे फुटण्यास विलंब होतो आणि उशिराच्या हिमकडाक्यातून कोवळी फूट वाचते. थंड हवा जड असते. ती उतारावरून खाली पाण्याकडे घरंगळते, मळ्यात साचून राहत नाही. तेथे तलाव नसता तर युरोपीय जातीची द्राक्षे बहुधा तगलीच नसती. म्हणजे त्या प्रदेशात तलाव हेच हवामान आहे.

गंगापूरचे तसे नाही, आणि प्रवासी माहितीपत्रकांत याबाबत थोडी गल्लत होते. गंगापूर हे गोदावरीवरील मातीचे धरण असून त्याची उंची चाळीस मीटरांहून कमी आहे. उन्हाळ्याकडे जाताना त्याचे पाणी झपाट्याने ओसरते. अशा उथळ जलाशयाकडून खोल सरोवराच्या तोडीच्या हवामानरक्षणाची अपेक्षा करता येत नाही. नाशिकच्या द्राक्षाला अनुकूलता मिळते ती समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीमुळे, हिवाळ्यातील थंड रात्रींमुळे आणि निचऱ्याच्या जमिनीमुळे. वऱ्हाडातील काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या कपाशीच्या रानात हीच वेल रडेल. थंडीचे संकट नाशिकलाही येतेच. निफाड भागात थंडीच्या लाटेत पारा कधीकधी पाच अंशांच्या खाली उतरतो, आणि तेव्हा शेतकरी पहाटे मळ्यात शेकोट्या पेटवतात, ठिबकचे पाणी सोडतात. तेथे वेल वाचवायला तलाव धावून येत नाही, माणसालाच रात्र जागवावी लागते.

मग धरणाचे काम काय? एक, सिंचन, दुसरे, देखावा. चाखणीच्या सज्ज्यातून पाहुण्यास जे दिसते ते पाणी, त्यामागची सह्याद्रीची रांग आणि तीवर मावळणारा सूर्य, याला आज रोख किंमत आहे. मात्र त्याच पाण्यावर नाशिक शहराची तहान भागते, आणि खालच्या बाजूला जायकवाडीपर्यंत त्या पाण्याचे दावेदार आहेत. पाण्याच्या काठावर उभारलेल्या कोणत्याही पर्यटनाने ही गोष्ट विसरू नये.

भेटीत काय पाहावे

भेटीचा काळ निवडताना एक मूलभूत फरक ध्यानात घ्यावा लागतो. युरोप-अमेरिकेत द्राक्षाची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते आणि हिवाळ्यात वेल निद्रिस्त असते. आपल्याकडे वेलीला खरी निद्रा नाही. तिला छाटणीनेच वर्षाची शिस्त लावावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तिच्यातून काडी तयार होते आणि काडीवरील डोळ्यांत पुढील हंगामाचा घड आकार घेतो. पावसाळा सरताना फळछाटणी होते, तिला बागायतदार गोड्या बहराची छाटणी म्हणतात. त्यानंतर वाइनच्या जातींची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात चालते. म्हणून आपल्या महाविद्यालयांच्या दिवाळीच्या सुटीत गेलेल्या अभ्यासकास हिरवी फूट दिसेल, पण तोडणी दिसणार नाही. कारखाना चालू पाहावयाचा असेल तर फेब्रुवारी गाठावा.

मळ्यात शिरताच पहिला फरक मांडणीचा जाणवतो. खाण्याच्या द्राक्षांच्या वेली सामान्यतः मांडवावर किंवा वाय आकाराच्या आधारावर पसरलेल्या असतात. वाइनच्या द्राक्षांच्या ओळी उभ्या तारांच्या कुंपणासारख्या दिसतात. घड कमरेच्या उंचीवर, एका रेषेत. मणी बारीक, जाड सालीचे, बियांचे. ते तोंडात टाकल्यावर नेहमीच्या थॉम्सनची सवय असलेल्या पाहुण्याची थोडी निराशा होते. येथे मोठ्या मण्याला मान नाही, कारण रंग, वास आणि तुरटपणा हे सर्व सालीत असते, आणि मणी लहान असला की रसाच्या मानाने साल अधिक. शेनिन ब्लांक, सोविन्यॉं ब्लांक, शिराज, कॅबर्ने सोविन्यॉं ही नावे फलकांवर आढळतील. पण त्यांच्या मुळाशी डॉगरिज किंवा ११०-आर असा जंगली वेलीचा खुंट असतो, हे मार्गदर्शक सांगतोच असे नाही. ते विचारावे. युरोपीय वेलीचे डोळे दख्खनच्या क्षारयुक्त, अवर्षणग्रस्त जमिनीत तग धरतात ते या खुंटाच्या जिवावर. संत्र्याच्या जंभेरी आणि रंगपूर लाइम खुंटांशी परिचय असलेल्या वऱ्हाडी माणसास हे लगेच उमगेल.

तोडणी हाताने आणि पहाटे होते. फळ थंड असतानाच कारखान्यात पोचावे, हा हेतू. तोडणीचा दिवस ठरतो तो साखरेच्या मापावरून. हे माप ब्रिक्स अंशांत असते, आणि वाइनची द्राक्षे साधारण २१ ते २४ अंशांदरम्यान तोडतात. येथे रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांस एक सोपा हिशेब करून पाहता येईल. ब्रिक्सला सुमारे ०.५५ ने गुणले की तयार वाइनमधील मद्यार्काचा अंदाज मिळतो. म्हणजे २२ ब्रिक्सच्या फळातून सुमारे १२ टक्के. किण्व साखर खाते आणि तिचे मद्यार्क व कर्बवायू यांत रूपांतर करते. जगातील सर्व वायनऱ्यांचे मर्म एवढेच आहे. बाकी सगळी कारागिरी या क्रियेस योग्य तापमानात आणि योग्य वेळेपर्यंत सांभाळण्याची आहे. पांढऱ्या वाइनसाठी रस सालीपासून लगेच वेगळा काढून पोलादी टाक्यांत, थंड पाण्याच्या वेष्टनात, १५ अंशांच्या आसपास आंबवतात. लाल वाइनमध्ये साल, बिया, रस एकत्र ठेवतात आणि तापमान बरेच वर जाऊ देतात. वर तरंगून आलेला सालींचा थर दिवसातून अनेकदा खाली दाबावा लागतो. फेब्रुवारीत टाक्यांच्या दालनात शिरल्यावर जो आंबूस, उबदार वास येतो तो याचा. पुढे काही लाल वाइन ओकच्या पिंपांत मुरवतात. प्रचलित पीप २२५ लिटरचे असते, ते परदेशातून येते आणि महाग पडते. छोट्या कुटुंबाच्या भांडवलाचा बराच भाग या लाकडात अडकलेला असतो.

शेवटी चाखणी. चार-पाच पेल्यांत थोडी थोडी वाइन ओततात. रंग पाहणे, पेला फिरवणे, हुंगणे, घोट तोंडात घोळवणे असा क्रम शिकवतात. जवळच एक भांडे ठेवलेले असते. त्यात चाखलेला घोट थुंकण्यास पूर्ण मुभा आहे, किंबहुना जाणकार तसेच करतात. न पिणाऱ्या अभ्यासकाने चाखणीत भाग न घेता नुसते ऐकले तरी चालते, त्याबद्दल कोणी भुवया उंचावत नाही. मात्र चाखणीकक्षाच्या बाहेर पडताना विक्रीचे दालन लागते, त्यातून गेल्यावाचून बाहेरचा रस्ता नाही. कोणत्याही देवस्थानाच्या प्रसादाच्या दुकानाशी असलेले हे साम्य गमतीचे आहे.

भेटीमागील कायदा

हे विक्रीचे दालन दिसते तितके साधे नाही. मद्यनिर्मिती व विक्री महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली येते. कायद्याच्या नावातच बंदी आहे आणि परवाना हा तिला अपवाद आहे. शेतकऱ्याने आपल्या आवारात वाइन तयार करून पाहुण्यास विकणे हे म्हणून शासनाने मुद्दाम दार उघडल्याशिवाय शक्य नव्हते. ते दार २००१ च्या द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरणाने उघडले. राज्यातील द्राक्षांपासून राज्यातच बनवलेल्या वाइनला उत्पादनशुल्कात मोठी सवलत, परवान्यांची सुलभ पद्धत, आणि नाशिक जिल्ह्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन पार्क, असे त्याचे स्वरूप होते.

धोरणाच्या आधीही काही प्रयत्न झाले होते. जुन्नर तालुक्यात नारायणगाव येथे इंडेज कंपनीने ऐंशीच्या दशकात फेसाळ वाइन बनवून ती परदेशी पाठवली. गंगापूरच्या काठी राजीव सामंत यांनी कॅलिफोर्नियातून परतल्यावर कुटुंबाच्या जमिनीवर आंब्यासारखे काही प्रयोग करून पाहिले आणि अखेर वाइनच्या द्राक्षांची लागवड केली. २००० मध्ये त्यांची पहिली वाइन बाजारात आली. आईच्या सुलभा या नावावरून कंपनीचे नाव सुला पडले. २००५ मध्ये त्यांनी मळ्यातच चाखणीकक्ष उघडला, आणि नाशिकमधील द्राक्षपर्यटनाचा आरंभ तेथून धरावा लागतो.

न्यूयॉर्क राज्याचा अनुभव येथे उद्बोधक आहे. फिंगर लेक्सचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आपली द्राक्षे मोठ्या कंपन्यांस घालत. सत्तरच्या दशकात कंपन्यांनी खरेदी आखडती घेतली आणि मळे तोट्यात आले. तेव्हा, १९७६ मध्ये, त्या राज्याने शेत-वायनरी कायदा केला. लहान द्राक्ष उत्पादकास माफक शुल्कात परवाना आणि ग्राहकास थेट विकण्याचा हक्क मिळाला. त्याआधीच, युक्रेनमधून आलेले वनस्पतिशास्त्रज्ञ कॉन्स्टंटिन फ्रॅंक यांनी क्यूका सरोवराकाठी युरोपीय द्राक्षे तगतात हे दाखवून १९६२ मध्ये स्वतःची वायनरी काढली होती. ती आज त्यांच्या कुटुंबाच्या चौथ्या पिढीकडे आहे. परंतु शास्त्रज्ञाने वाट दाखवली तरी शेतकऱ्यांची रांग त्या वाटेला लागली ती कायदा झाल्यावर. १९८३ मध्ये कायूगा सरोवराभोवतीच्या वायनऱ्यांनी एकत्र येऊन पाहुण्यांसाठी भेटीचा सामाईक मार्ग आखला. शेजारी हा स्पर्धक नसून पाहुणा आणणारा भागीदार आहे, ही जाणीव त्यामागे होती. नाशिकमध्ये ही जाणीव अद्याप तेवढी रुजलेली दिसत नाही, असे लेखकाचे मत आहे.

कुटुंब आणि कंपनी

एका बाटलीत साधारण सव्वा किलो द्राक्षे जातात. द्राक्ष विकणाऱ्या शेतकऱ्यास त्या सव्वा किलोचे जे मिळते ते आणि बाटलीची काही शे रुपयांची किंमत यांतील अंतर म्हणजे प्रक्रिया, कर, बाटली, वाहतूक, घाऊक व किरकोळ व्यापारी आणि जाहिरात. पाहुणा दारात येऊन बाटली घेतो तेव्हा या साखळीतील निदान दोन-तीन कड्या गळतात आणि त्यांचा वाटा कुटुंबाकडे राहतो. लहान वायनरीला शहरातील दुकानाच्या फळीवर मोठ्या कंपनीशेजारी जागा मिळणे अवघड असते, तेव्हा भेटीस आलेला पाहुणा हाच तिचा बाजार ठरतो. म्हणून लहान वायनरीत बहुधा घरचे माणूस पाहुण्याशी बोलते. यंदा अवकाळी पाऊस किती झाला, भुरी कुठे पडली, कोणती टाकी बिघडली हेही ते सांगते. मोठ्या ठिकाणी पाठ केलेले भाषण ऐकावे लागते. हा फरक पाहुण्याला कळतो आणि तो पुन्हा येतो तो या बोलण्यासाठी.

परंतु ही मालकी किती नाजूक आहे हे नाशिकनेच दाखवून दिले. २००१ नंतर अनेक बागायतदारांनी कर्ज काढून वायनऱ्या उभारल्या आणि त्याहून अधिक जणांनी कंपन्यांच्या भरवशावर वाइनच्या जाती लावल्या. २००८ ची जागतिक मंदी आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईतील हॉटेलांवर झालेला हल्ला, यांनंतर पर्यटन व खप दोन्ही कोसळले. टाक्या भरलेल्या राहिल्या, नव्या हंगामाची द्राक्षे कोणी उचलेना. वाइनची द्राक्षे खाण्याच्या बाजारात चालत नाहीत. त्यांना दुसरे गिऱ्हाईक नाही. कित्येकांनी वेली उपटून किंवा त्यांवर कलम करून पुन्हा खाण्याची जात घेतली. इंडेजसारखी जुनी कंपनीही या काळात बुडाली. आपल्याकडे कापूस पडून राहिला तर तो पुढल्या महिन्यात विकता येतो. द्राक्षाला तो अवधी नाही.

जे तगले त्यांच्याही मालकीची रूपे बदलली. गंगापूरच्या काठी सुलाच्या शेजारी गुरनानी कुटुंबाने यॉर्क ही वायनरी काढली होती. तिचे नाव घरातील तीन भावंडांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून घेतलेले. जलाशयाकडे तोंड असलेला तिचा वरच्या मजल्यावरील चाखणीकक्ष अनेक वर्षे कौटुंबिक वायनरीचा नमुना म्हणून दाखवला जाई. २०२१ मध्ये ती सुलाकडे गेली. डिसेंबर २०२२ मध्ये सुलाच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी झाली. एका मुलाने आईच्या नावाने सुरू केलेला मळा आता हजारो भागधारकांचा झाला. यात निंदनीय काहीच नाही. पण ‘कौटुंबिक’ हा शब्द फलकावर वाचताना भेट देणाऱ्याने मालकी कोणाची आहे हे विचारून घ्यावे.

आजही कुटुंबाच्या हाती असलेली ठिकाणे आहेत. निफाड तालुक्यातील कुंदेवाडी येथील रेव्हेलो ही पाटील कुटुंबाची वायनरी सांजोव्हेझे, नेरो द’अव्होला यांसारख्या इटालियन जाती लावते. त्याच तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमावर नांदूर मधमेश्वरचा जलाशय आहे. तो राज्यातील पहिले रामसर स्थळ असल्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले. हिवाळ्यात तेथे पक्षी पाहावेत आणि मळाही, असा दिवस आखता येतो. इगतपुरी तालुक्यात कावनईच्या बाजूस मुकणे धरणाच्या सान्निध्यात व्हॅलोने ही लहान वायनरी आहे. नाशिकबाहेर अकलूजकडे फ्रातेल्ली आहे. दोन भारतीय आणि एका इटालियन कुटुंबाने मिळून ती सुरू केली. नावाचा अर्थच ‘भाऊ’. या सर्व ठिकाणांत साम्य एकच. फळ, प्रक्रिया आणि पाहुणा या तिन्ही गोष्टी त्यांनी एका कुंपणात ठेवल्या आहेत. ज्यांनी केवळ फळ पिकवले ते करारावर अवलंबून राहिले, आणि ज्यांनी मागणीचा अंदाज न घेता केवळ कारखाना उभारला ते मंदीत गेले.

एक आक्षेप

वाइन शेतकऱ्याच्या हिताची आहे, म्हणून ती दारू नव्हेच, असा युक्तिवाद आपल्याकडे अधूनमधून होतो. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दालनांतून वाइनविक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला तेव्हा तो विशेष जोराने झाला. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला आणि तो निर्णय तसाच अंमलात आणणे शासनास शक्य झाले नाही. लेखकाच्या मते हा युक्तिवाद टिकणारा नाही. बारा-तेरा टक्के मद्यार्क असलेले पेय मद्यच होय; कोणतेही प्रमाण निर्धोक मानता येत नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. शिवाय ज्या द्राक्ष उत्पादकाचे नाव पुढे केले जाते, त्याचा किराणा दुकानातील विक्रीत वाटा वाढेल याची हमी त्या निर्णयात नव्हती. फायदा प्रामुख्याने फळीवर जागा मिळवू शकणाऱ्यांचा झाला असता. शेतकऱ्याचे हित वाइनमध्ये नाही, दारातल्या विक्रीत आहे. या दोहोंची सांगड नाशिकमध्ये पडली ती तेथील फळामुळे. दुसऱ्या फळाच्या प्रदेशात ती तशीच पडली पाहिजे असे नाही.

मोर्शीच्या बाजूने

अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात सिंभोरा येथे वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण आहे. त्याच्या जलाशयास नल-दमयंती सागर म्हणतात. धरणाच्या आसपास आणि पुढे वरुडपर्यंत संत्र्याच्या बागा आहेत. नागपुरी संत्र्यास भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. म्हणजे पाणी, फळ, नाव आणि कुटुंबाच्या मालकीची बाग या गोष्टी येथेही एकत्र आहेत. तरी या बागांत पाहुणा येत नाही. येतो तो व्यापारी. बहर झाडावर असतानाच उभ्या बागेचा सौदा होतो, तोडणीही व्यापाऱ्याचीच, आणि मालक आपल्याच बागेत त्या दिवशी बघ्यासारखा उभा असतो. बांगलादेशाने आयातशुल्क वाढवले की सौदे मोडतात. फळाची प्रत उतरली की रस्त्याच्या कडेला ढीग दिसतात. कोलमडलेल्या वाइन हंगामात नाशिककराने जे सोसले ते येथे दर दोन-तीन वर्षांनी घडते, त्याची फक्त वार्ता होत नाही.

संत्र्याची अडचण द्राक्षाहून कठीण आहे हे मान्य केले पाहिजे. द्राक्षाचा रस आंबवला की तो वर्षानुवर्षे टिकतो. संत्र्याचा रस काढून ठेवला की काही तासांत लिमोनीनमुळे कडवट होऊ लागतो. त्यामुळे हंगामात साठवून वर्षभर विकण्याचा मार्ग लहान कुटुंबास सोपा नाही. त्यासाठी शीतगृह, कडवटपणा काढण्याचे तंत्र आणि भांडवल लागते. नागपूर येथील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडे या विषयाचे ज्ञान आहे, पण ते मोर्शीच्या बागेतील पत्र्याच्या शेडपर्यंत आलेले नाही. परंतु दारातल्या पाहुण्यास वर्षभर टिकणारा रस नकोच असतो. त्याला आंबिया बहराची फळे झाडावरून स्वतः तोडायची असतात, डोळ्यांदेखत काढलेला ताजा रस प्यायचा असतो, आणि जाताना घरी न्यायला मुरंबा, सालीचे मार्मालेड, बर्फी यांपैकी काही हवे असते. हे सगळे घरच्या स्वयंपाकघरात आणि शेजारणींच्या बचतगटात होऊ शकते. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले असल्याने नोंदणीची वाटही आहे. या मालाला दारूबंदी कायद्याचे दार उघडावे लागत नाही, ही तर नाशिकहून अधिकची सोय. वर्ध्याचा पाहुणाही येथे निःशंक येईल.

खरी अडचण कुंपणाची आहे. सौदा झालेल्या बागेत पाहुण्यास फळ तोडू देण्याचा अधिकार मालकाकडे उरत नाही, आणि सौदा न करण्याची ताकद कर्जबाजारी बागायतदारात नाही. एका बागेने हे धाडस केल्यास ते महागात पडेल. पाच-सहा शेजारी बागांनी प्रत्येकी काही ओळी सौद्यातून वगळून त्या पाहुण्यांसाठी राखून ठेवल्या, तर कायूगा सरोवराकाठच्या मार्गासारखा एक लहान मार्ग सिंभोऱ्यापासून आखता येईल. अशा ओळींचा हंगामभराचा जमाखर्च आपल्या महाविद्यालयातील वाणिज्य व वनस्पतिशास्त्र विभागांनी मिळून ठेवावा. सौद्याने दिलेल्या ओळींस झाडामागे काय पडले आणि राखलेल्या ओळींस काय पडले, हे आंबिया बहराच्या एकाच हंगामात, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, मोजता येण्यासारखे आहे. मालकाला दाखवायला आपल्याजवळ सध्या तेवढाही आकडा नाही.